तांबीच्या खाजेचे कारण शोधताना: बारामतीतील नोंदी, जून २०२४ ते जानेवारी २०२५

१६ जून २०२४

तांबी ही आमची चार वर्षांची गावठी कुत्री आहे आणि तिचे वजन १७ किलो आहे. दोन वर्षांची असताना तिला खाज सुरू झाली. पावसाळ्यात ती वाढते, पण उन्हाळ्यातही पूर्ण थांबत नाही. ती चारही पंजे सतत चाटते, त्यामुळे पंजांवरचे पांढरे केस लाळेने तांबूस झाले आहेत. काखा आणि पोट लालसर आहे, आणि कानांत तपकिरी मळ साठून आंबूस वास येतो. दिवसातून चार-पाच वेळा तिला सैलसर शी होते. याकडे आम्ही आजवर लक्ष दिले नव्हते, मात्र खाज आणि पोटाची तक्रार एकत्र असेल तर आहाराचा विचार करावा लागतो, असे डॉक्टरांनी आज सांगितले.

दोन वर्षे आम्ही एका दवाखान्यात ‘ॲलर्जीचे इंजेक्शन’ घेत होतो. प्रत्येक वेळी सहाशे-सातशे रुपये जात आणि तीन-चार आठवडे बरे वाटे, पण त्या काळात तांबी बादलीभर पाणी पिई आणि रात्री घरात लघवी करी. ते इंजेक्शन दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टिरॉइडचे होते, हे जुनी चिठ्ठी नव्या डॉक्टरांना दाखवल्यावर कळले. त्याने खाज दबते, पण कारण तसेच राहते आणि कारण शोधण्याच्या खुणाही पुसल्या जातात. शेवटचे इंजेक्शन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाले होते. त्याचा अंमल आता संपलेला असल्यामुळे शोध सुरू करण्यास ही वेळ योग्य आहे.

डॉक्टरांनी ठरवून दिलेला क्रम असा: आधी पिसवा, गोचीड आणि खरूज, मग त्वचेवरील जंतू आणि बुरशी, त्यानंतर आहार, आणि एवढे करूनही खाज उरली तर धूळ, गवत आणि परागकण. एका टप्प्यात एकच बदल करायचा आणि रोज रात्री खाजेला शून्य ते दहा यांपैकी गुण द्यायचे. दोनच्या खालचे गुण निरोगी कुत्र्याचे असतात. चार म्हणजे अधूनमधून खाजवणे, पण झोपेत, खाताना किंवा खेळताना नाही. सहा म्हणजे झोपमोड होईल इतकी खाज, आठ म्हणजे जेवण सोडून खाजवणे आणि दहा म्हणजे अखंड खाजवणे. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर आजचा आकडा लिहिला: सात.

१८ जून

पिसवांचा तपास केला. उवा काढायच्या बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळापासून पाठ विंचरली आणि फणीत अडकलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर झटकले. कणांभोवती तांबूस डाग पसरला. साधी माती असती तर डाग मातकटच राहिला असता. तांबूस डाग म्हणजे पिसवांची विष्ठा, कारण तिच्यात पचलेले रक्त असते. जिवंत पिसू एकही दिसली नाही. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते, त्याला खाज सुटायला मोजके चावे पुरतात आणि चाटून चाटून ते पिसवा गिळूनही टाकते, त्यामुळे ‘पिसू दिसत नाही’ एवढ्यावर हा मुद्दा सोडता येत नाही.

डॉक्टरांनी फ्लुरालेनरची चघळायची गोळी दिली. पिसवा, गोचीड आणि खरजेचे किडे या तिघांवर ती चालते आणि तिचा अंमल १२ आठवडे राहतो, म्हणजे १० सप्टेंबरपर्यंत. हा कालावधी मुद्दाम निवडला आहे. अशा गोळ्यांना मांसाची चव दिलेली असते, त्यामुळे आहाराची चाचणी चालू असताना त्या देता येत नाहीत. कुत्र्याला कधी फेफरे आले असेल तर या गटातील औषधांपूर्वी ते डॉक्टरांना अवश्य सांगावे; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशारा दिला आहे.

घराचे काम यापेक्षा मोठे निघाले. पिसवांची अंडी, अळ्या आणि कोश कुत्र्याच्या अंगावर राहत नाहीत. ते अंथरुणात, फटींत आणि गोणपाटाखाली असतात, आणि अंगावरच्या प्रौढ पिसवा म्हणजे एकूण संख्येचा अगदी लहान भाग असतो. तांबीची गोधडी उकळत्या पाण्यात भिजवून धुतली, पडवीतील गोणपाटे जाळली आणि कोठीच्या फरशीच्या फटी झाडून साबणाच्या पाण्याने घासल्या. शेजाऱ्यांनी परमेथ्रिनची भुकटी देऊ केली होती, ती घेतली नाही, कारण आमच्याकडे मांजर आहे आणि परमेथ्रिन मांजराला जीवघेणे ठरते. मांजरासाठी तिच्या वजनाप्रमाणे वेगळे औषध आणले. दोघींच्या औषधांचा खर्च अडीच हजारांच्या घरात गेला.

२६ जून

गुण सातवरून सहावर आले आहेत. पिसवांचा काही वाटा होता, पण तो मोठा नव्हता.

आज डॉक्टरांनी त्वचा खरवडून पाहिली आणि पंजांच्या बेचक्यांवर चिकटपट्टी दाबून तिचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. खरजेचे किडे सापडले नाहीत. नमुन्यात न सापडणे म्हणजे किडे नाहीतच असे होत नाही, पण १८ तारखेची गोळी तेही काम करीत आहे. चिकटपट्टीवर मात्र मॅलासेझिया नावाची बुरशी आणि गोल जिवाणू भरपूर होते. कानांतील वास त्यांचाच होता. ॲलर्जीने सुजलेल्या, ओलसर त्वचेवर ही मंडळी वाढतात आणि मग त्यांचीच वेगळी खाज सुरू होते. ती न हटवता आहार बदलला असता तर आठ आठवड्यांनंतर ‘आहाराने काही फरक पडला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता.

क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा वापरायचा आहे आणि कानांत थेंब घालायचे आहेत. तपासणी, शाम्पू आणि थेंब मिळून एकोणीसशे रुपये झाले.

शाम्पूचा फेस अंगावर दहा मिनिटे राहिला पाहिजे, आणि सगळे यश त्या दहा मिनिटांत आहे. पहिल्या आंघोळीत तांबी तीन मिनिटांतच अंग झटकून अंगणभर पळाली. त्यानंतर पद्धत बदलली: आधी पंजे, काखा आणि पोट यांवर फेस लावायचा, मुलाने मोबाइलवर वेळ लावून तिला अंगणातच दोरीवर फिरवायचे आणि मग धुवायचे. चालत असताना ती अंग चाटत नाही. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणे तेवढेच महत्त्वाचे आहे.

१२ जुलै

चिकटपट्टीची तपासणी पुन्हा केली आणि बुरशी जवळजवळ गेलेली दिसली. कानांचा वास थांबला. गुण पाच-सहा. त्वचा आता पुढच्या चाचणीसाठी मोकळी आहे.

एका प्रयोगशाळेची जाहिरात दाखवून एका परिचितांनी रक्ताच्या तपासणीचा आग्रह धरला. सात हजार रुपयांत डझनावारी पदार्थांची यादी मिळणार होती. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्त, लाळ किंवा केस यांच्या तपासण्या विश्वसनीय नाहीत. निरोगी कुत्र्यांच्या अहवालातही दहा पदार्थ ‘ॲलर्जीकारक’ म्हणून येतात. धूळ आणि परागकणांसाठीच्या चाचण्यांचा उपयोग आहे, पण तो निदानासाठी नाही. निदान झाल्यावर प्रतिकारलसीत, म्हणजे शरीराला त्या धुळीची किंवा परागकणांची हळूहळू सवय लावणाऱ्या लसीत, काय घालायचे हे ठरवण्यासाठी त्या करतात.

आहाराच्या चाचणीत काही आठवडे फक्त तिने पूर्वी कधीच न खाल्लेले पदार्थ द्यायचे असतात. म्हणून तांबीने आयुष्यात खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाची यादी केली, आणि ती करताना सगळे घर कामाला लागले. चिकन, अंडी, मटणाची हाडे, दूध, दही, ताक, पोळी, ज्वारीची भाकरी, भात, वरण, ग्लुकोज बिस्किटे, दुकानातील कोरडे खाद्य, शेंगदाणे. यादीत मासा नव्हता. माझ्या सासूबाईंना माशाचा वास सोसत नाही, त्यामुळे मासा घरात येतच नाही. उपवासाला येणारे रताळेही तिला कधी दिले नव्हते. म्हणून मासा आणि रताळे हे दोनच पदार्थ ठरले.

कोणता मासा हा प्रश्न किमतीने सोडवला. उजनीच्या पाण्यातील चिलापी भिगवणच्या बाजारात ताजी मिळते आणि किलोला दीडशे रुपयांच्या आसपास पडते. बांगडा मुद्दाम टाळला. बांगडा, टूना असे मासे थोडे जरी शिळे झाले तरी त्यांच्यात हिस्टामिन तयार होते आणि शिजवल्याने ते जात नाही. हिस्टामिनमुळेच अंग लाल होऊन खाज सुटते, म्हणजे चाचणीत नेमके नको ते मिसळले असते.

१७ किलोच्या, मध्यम हालचालीच्या कुत्रीसाठी डॉक्टरांनी रोज शिजवलेल्या माशाचे ४०० ग्रॅम मांस, ४५० ग्रॅम उकडलेले रताळे आणि एक चहाचा चमचा सूर्यफुलाचे तेल असे प्रमाण दिले. त्यासाठी रोज जवळजवळ एक किलो अख्खा मासा लागतो. रताळ्यासह दिवसाचा खर्च एकशे ऐंशीच्या आसपास जातो. हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकड्यांत तोडलेल्या प्रथिनांचे तयार खाद्य तिच्या वजनाला दिवसाला सुमारे तीनशे रुपयांचे झाले असते. मात्र ज्या घरात मासे उकडणे शक्य नाही, तिथे ते खाद्यच बरे, कारण घरचा हा आहार अपुरा आहे. त्यात कॅल्शियम नाही. प्रौढ कुत्र्याला दोन-तीन महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो चालतो, पिल्लाला चालत नाही.

१४ जुलै

चाचणी सुरू केली. मासा वाफवून काटे काढताना तास गेला. चिलापीचे बारीक काटे बोटांनी चाचपूनच सापडतात. मीठ, हळद, लसूण, कांदा काहीही नाही. कांदा आणि लसूण तर कुत्र्याला विषारीच आहेत. आठवड्याचा मासा एकदम आणून, वाफवून, दिवसागणिक डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवले आहेत. सासूबाईंच्या सोयीसाठी चूल मागच्या दाराशी मांडली.

१७ जुलै

आषाढी एकादशी. तांबीने दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि वर दही खाल्ले. सासूबाईंनी प्रेमाने वाढले होते. “एवढ्याशा खिचडीने काय होतंय तिला? उपवासाचं तर आहे,” असे त्या म्हणाल्या. खिचडीत तूप, शेंगदाणे आणि जोडीला दही, म्हणजे तीन दिवसांची चाचणी संपली. मी म्हटले, “आत्या, तिला बरं वाटावं म्हणूनच हे चाललंय. आता तिचं वाढायचं काम तुम्हीच हातात घ्या.”

हा उपाय ठरवून केला नव्हता, पण तो लागू पडला. माशाचे डबे फ्रीजरमधून काढण्यापासून ताटली घासण्यापर्यंत सगळे सासूबाईंकडे गेले आणि त्यानंतर तांबीच्या तोंडात काय जाते यावर त्यांच्याइतके कडक लक्ष कोणाचेही नव्हते. ज्यांना ही चाचणी करायची आहे त्यांना हे आवर्जून सांगावेसे वाटते: घरात जे माणूस कुत्र्याला सर्वांत जास्त खाऊ घालते, त्याच्याच हाती चाचणी द्यावी. त्याला बाजूला ठेवून ती पार पडत नाही.

डॉक्टरांशी बोलून १८ जुलैपासून नवा पहिला दिवस धरला. आठ आठवडे १२ सप्टेंबरला संपतील. पिसवांच्या गोळीच्या मुदतीशी दोन दिवसांचा फरक पडतो, तो चालण्यासारखा आहे.

३० जुलै

गुण पाच. शी घट्ट झाली आणि दिवसातून दोनदाच होते. खाजेआधी पोट सुधारले.

चाचणी फुटण्याच्या जागा या दोन आठवड्यांत लक्षात आल्या. मांजराची दुधाची बशी आता ओट्यावर असते. गोठ्यातील पेंडीची पाटी झाकलेली असते. सकाळी चहाबरोबर सासरे एक बिस्किट टाकत, त्यांच्या हाताशी आता वाळवलेल्या रताळ्याच्या चकत्यांची बरणी ठेवली आहे. फिरायला नेताना तोंडाला जाळीची टोपली बांधतो, कारण रस्त्यावर कोणीतरी टाकलेली पोळी ती क्षणात उचलते. औषधाची गोळी पेढ्यात लपवण्याची सवय होती, ती आता माशाच्या गोळ्यात जाते. फाटकावर ‘कृपया काही खाऊ घालू नये’ अशी पाटी लावली. तिचा उपयोग कमी आणि शेजारच्या आजींशी बसून बोलण्याचा उपयोग जास्त झाला.

११ ऑगस्ट

ही नोंद खाजेची नाही, पण ॲलर्जीचीच आहे आणि सगळ्या नोंदींत सर्वांत महत्त्वाची आहे.

दुपारी ४.१० ला पाण्याच्या टाकीपाशी तांबीने मधमाशी तोंडात पकडली. ती किंचाळून ओठ पंजाने घासू लागली. वरच्या ओठात काटा दिसला, तो नखाने लगेच ओढून काढला. काटा खरवडावा की चिमटीने काढावा यात वेळ घालवू नये, कारण विषाची पिशवी काट्याला चिकटलेली असते आणि ती आत विष ढकलत राहते. थंड पाण्याची घडी ओठावर धरली.

४.२५ ला ओठ आणि डोळ्यांभोवतीचा भाग सुजला, पोटावर पित्ताच्या गांधी उठल्या. पाहायला हे भयंकर होते, पण तांबी चालत होती आणि श्वास नीट होता. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबले. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाला, म्हणजे रक्ताभिसरण नीट होते. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तिला आणायला सांगितले आणि वाटेत हिरड्या पाहत राहण्यास बजावले.

४.४० ला गाडीत बसवताना तिने उलटी केली, लगोलग पातळ शी झाली आणि मागचे पाय लटपटले. हिरड्या फिक्या दिसू लागल्या. या क्षणी प्रसंग बदलला. चेहऱ्याची सूज आपले लक्ष वेधून घेते, पण एवढ्यावर थांबली तर ती सहसा जीव घेत नाही. कुत्र्यात तीव्र ॲलर्जीचा घाला मुख्यतः यकृत आणि आतड्यांवर पडतो, म्हणून एकाएकी उलटी, जुलाब, फिक्या हिरड्या आणि कोसळणे ही खरी धोक्याची खूण आहे, आणि ती चेहरा अजिबात न सुजताही येऊ शकते. तोंडात पाणी, गोळी काहीही घातले नाही, तोंडाची जाळी काढली आणि तिला कुशीवर निजवून नेले.

दवाखान्यात आधी कळवलेले असल्यामुळे टेबलावर ठेवताच मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले गेले. मग सलाइन, त्यानंतर ॲलर्जीरोधक आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन. हा क्रम महत्त्वाचा आहे. तीव्र प्रतिक्रियेत रक्तदाब सावरणारे औषध ॲड्रेनलिन आहे. बाकीची दोन मागाहून मदत करतात, त्याची जागा घेत नाहीत. अर्ध्या तासात हिरड्यांवर रंग आला. काही तासांनी प्रतिक्रिया पुन्हा उसळू शकते, म्हणून रात्री दहापर्यंत तिथेच ठेवले आणि घरीही रात्रभर दर दोन तासांनी हिरड्या पाहिल्या. बिल ३,२०० रुपये झाले.

गाडीत बसण्याआधी घरात सर्दीच्या गोळ्यांचे पाकीट शोधण्याची धावपळ झाली होती, कारण त्यात सेटिरिझिन हे ॲलर्जीरोधक औषध असते असे कोणीतरी ऐकले होते. सुदैवाने ते सापडले नाही. सर्दीच्या गोळ्यांत सेटिरिझिनबरोबर पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिनसारखी नाक मोकळे करणारी औषधे असतात आणि ती कुत्र्यासाठी घातक ठरू शकतात. डॉक्टरांनी आता निव्वळ सेटिरिझिनची गोळी आणि तांबीच्या वजनाचे प्रमाण लिहून दिले आहे. ते फक्त अंगावर गांधी उठल्या आणि कुत्री बाकी ठणठणीत असेल तेव्हासाठी आहे, तेही फोनवर विचारून. फाटकाच्या आतल्या बाजूला दवाखान्याचा क्रमांक, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक आणि तांबीचे वजन लिहिलेला कागद लावला आहे.

१३ ऑगस्ट

गुण दोन, पण हा स्टिरॉइडचा परिणाम आहे, म्हणून हे आकडे दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहीत आहे. डॉक्टरांनी चाचणी दोन आठवडे वाढवून २६ सप्टेंबरपर्यंत नेली. १० सप्टेंबरला चवीची गोळी देता येणार नाही, म्हणून त्या दिवशी मानेवर टाकायचे बिनचवीचे औषध वापरायचे ठरले.

२६ सप्टेंबर

गुण तीन, आणि गेले अनेक दिवस तिथेच स्थिर आहेत. पंजांवरचे नवे केस पांढरे येत आहेत. ती रात्रभर झोपते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार अन्नाची ॲलर्जी असलेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत आठ आठवड्यांत सुधारणा दिसते. आमचा कालावधी त्याहून थोडा जास्त झाला.

घरात आता सर्वांचे मत असे आहे की बरे झाले आहे तर हाच आहार चालू ठेवावा. डॉक्टरांचे म्हणणे वेगळे आहे आणि ते मला पटते. या काळात पावसाळा ओसरला, पिसवा गेल्या, बुरशी गेली. सुधारणा आहारानेच झाली हे जुने अन्न पुन्हा दिल्याशिवाय सिद्ध होत नाही, आणि कॅल्शियम नसलेला हा आहार जन्मभर देताही येत नाही.

२ ऑक्टोबर

२८ सप्टेंबरपासून जुने जेवण दिले: चिकन-भात, पोळी, दही, बिस्किट. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिने पंजे चाटायला सुरुवात केली. आज गुण सात आहेत, कान लाल आहेत आणि शी पुन्हा सैल आहे. तिला असे पाहणे जड जाते. पण अन्नाची ॲलर्जी आहे हे आज ठरले. पुन्हा मासा आणि रताळे.

२८ ऑक्टोबर

१४ तारखेला गुण पुन्हा तीनवर आले. १५ पासून त्याच आहारात उकडलेले चिकन मिसळले, दुसरे काहीही बदलले नाही. प्रतिक्रिया यायला दोन आठवडे लागू शकतात, म्हणून आजवर थांबलो. गुण तीनच.

आम्ही सगळे चिकनलाच दोषी धरून बसलो होतो. ओळखीच्या प्रत्येकाने ‘चिकन बंद करा’ असेच सांगितले होते. २०१६ च्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली आहे. त्यांत गोमांसाची ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थांची १७, चिकनची १५ आणि गव्हाची १३ टक्के अशी विभागणी दिसते. चिकन त्यात आहे, पण ते गृहीत धरण्याइतके वरचढ नाही. नुसते चिकन बंद करून आम्ही वर्षभर वाट पाहिली असती, तर वाटीभर दही रोज चालूच राहिले असते.

दिवाळी तोंडावर आहे, म्हणून पुढची चाचणी सणानंतर. फराळाचे डबे वरच्या फळीवर ठेवले.

७ नोव्हेंबर

५ तारखेला सकाळी अर्धी वाटी दही दिले, ६ ला पुन्हा. आज पहाटे ती कान खाजवत उठली. पोट लाल, गुण सहा. दही बंद केले.

दूध म्हणजे फक्त दूध नाही. ग्लुकोज बिस्किटांत दुधाची भुकटी असते, पेढ्यात खवा असतो आणि पोळीला तूप लावलेले असते. तुपात प्रथिने अगदी थोडी उरतात, तरी सध्या तेही टाळतो. गोळ्या पेढ्यात लपवून देत असल्यामुळे प्रत्येक औषधाबरोबर थोडे कारणही पोटात जात होते. दुधाची ॲलर्जी असलेल्या काही कुत्र्यांना गोवंशाच्या मांसाचाही त्रास होतो, त्यामुळे बाहेरचे खाद्य घेताना ते दोन्ही घटक तपासायचे आहेत.

८ डिसेंबर

मधल्या काळात गुण तीनवर येऊ दिले आणि २४ नोव्हेंबरपासून गव्हाची कोरडी पोळी दिली. काही झाले नाही. गहू मोकळा. सासूबाईंना याचा सर्वांत जास्त आनंद झाला. शेवटचा तुकडा तांबीला देण्याची त्यांची रीत आता तूप न लावता चालू झाली आहे.

आता चिकन, भात, पोळी, लाल भोपळा आणि डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियम-जीवनसत्त्वांची भुकटी असा आहार आहे. खर्च निम्म्याने उतरला.

उरलेले तीन गुण बहुधा धूळ आणि गवताचे आहेत. खाज सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होणे, पंजे, कान आणि काखा धरणे आणि पावसाळ्यात वाढणे ही लक्षणे त्याच्याशी जुळतात. फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुऊन पुसतो आणि दर आठवड्याला गोधडी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकतो. पुढच्या पावसाळ्यात गुण पाचच्या वर गेले तर खाज दाबणाऱ्या ऑक्लासिटिनिबच्या गोळ्यांचा विचार करू, असे डॉक्टर म्हणाले. त्या एक वर्षाखालील कुत्र्यांना देत नाहीत.

१९ जानेवारी २०२५

वार्षिक लसीकरण झाले. मधमाशीची प्रतिक्रिया आली म्हणजे लसीचीही येईल असे नाही, परंतु ऑगस्टमधील प्रसंग कागदावर नोंदवलेला असल्याने डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली, म्हणजे दिवसभर दवाखाना उघडा असताना तिच्यावर लक्ष ठेवता येईल. रेबीजची लस आज दिली आणि दुसरी, वेगळी लस तीन आठवड्यांनी द्यायची आहे, म्हणजे काही झाले तर कशाने झाले ते कळेल. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसलो आणि दर पाच मिनिटांनी हिरड्या पाहिल्या. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत उलटी, सूज, गांधी काही नाही. टोचल्याच्या जागी वाटाण्याएवढी गाठ आहे, ती काही आठवड्यांत जिरते.

पाण्याच्या टाकीची गळती दुरुस्त केली आहे. मधमाश्या तिथे पाण्यासाठी येत होत्या.

आजचे गुण अडीच. अंड्याची चाचणी २६ जानेवारीपासून सुरू करायची आहे: रोज एक उकडलेले अंडे, ९ फेब्रुवारीपर्यंत, आणि त्या काळात ताटलीत नवे दुसरे काहीही नाही. दुसरी लस म्हणूनच १० फेब्रुवारीनंतरची धरली आहे.